दुकानदाराच्या तोंडाला कुलूप

१६ जून, सोमवार

मी गप्प बसायचं! मी! गांधीबागेत साड्या विकणाऱ्या माणसाला असं आजवर कोणी सांगितलं असेल का?

पण सुरुची मॅडमनी आज तोंडावर सांगितलं. धंतोलीत त्या लहान मुलांना बोलायला शिकवतात, स्पीच थेरपी. रेवाला घेऊन आजची आमची दुसरी खेप. पोरगी दिवाळीत तीन वर्षांची होईल. कान तपासून झाले, ठणठणीत आहेत. समजतं सगळं. ‘चप्पल आण’ म्हटलं की बरोबर माझीच आणते, माझ्या वडिलांची, बापूजींची, नाही. पण बोलत नाही. ‘मम्’ आणि ‘आ’ — संपलं.

मॅडम म्हणाल्या, खेळा तिच्याशी, मी बघते. मी खेळलो. झकास खेळलो! तिनं बॉलकडे पाहिलं की बॉल दिला, गाडीकडे पाहिलं की गाडी. वर ‘ही बघ लाल, भुर्र जाते, ही निळी, हिला लाइट आहे’ — चालूच. मॅडम हसायलाच लागल्या. “दादा, तुम्ही तिला बोलायला जागाच नाही देऊन राहिले! तिनं मागायच्या आधीच माल समोर!”

अहो, माल आधी समोर टाकणं हाच तर आमचा धंदा! बापूजींनी मला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं — गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत घडी उलगडली पाहिजे. बाई पायरी चढताना मला कळतं, पैठणी की कॉटन. लेकीचं कळणार नाही?

तर नवा नियम. वस्तू हातात धरायची, तिच्याकडे बघायचं, भुवया वर करायच्या आणि थांबायचं. तिनं आवाज काढला, हात केला, काहीही केलं की लगेच द्यायचं आणि एकच शब्द बोलायचा. रडवायचं नाही. बाकीची माझी बडबड जाणार कुठे? म्हणून ही डायरी. सुरतच्या व्यापाऱ्यानं दिलेली, जानेवारीपासून कोरी पडली होती.

१७ जून, मंगळवार

केळं धरलं. भुवया वर. थांबलो. रेवा बघतेय, मी बघतोय. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली — “काहून तरसवून राहिला गा पोरीले?” — आणि केळं सोलून तिच्या हातात!

मी समजावलं. आई म्हणते, “तू बी उशिराच बोलला होता. आता पाह्य, तोंड बंदच होत नाही!” अश्लेषा हसून हसून खाली बसली. बायको कुणाची आहे ही?

२१ जून, शनिवार

मीच फुटलो. दुधाचा कप धरून थांबलो, ती नुसती बघत राहिली, आणि माझ्या तोंडून सुटलंच — ‘दूध हवंय ना माझ्या राणीला, गरम गरम, साखर घातलेलं...’ कप गेला. संधी गेली. अश्लेषाला हे सहज जमतं. ती मुळातच मोजकं बोलणारी बाई.

५ जुलै, शनिवार

फू!!!

साबणाचे फुगे. मी एकदा फुंकले, डबी बंद केली, भुवया वर. जीभ दातांखाली धरून बसलो होतो, शपथ. आणि ती म्हणाली — ‘फू’! हवा नाही, आवाज! मी ‘फू!’ म्हणालो आणि फुगेच फुगे. परत डबी बंद. परत ‘फू’! आई हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. बापूजी, जे ह्या सगळ्याला ‘शहरी नाटकं’ म्हणत होते, ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “पुन्हा म्हणायले लाव बरं!” डबी संपली. उद्या अख्खं खोकंच आणतो.

१८ जुलै, शुक्रवार

खाली गल्लीत पोरं खेळत होती. एकानं रेवाला विचारलं, नाव काय? ती हसली. त्यानं दुसऱ्याला सांगितलं, “हे मुकी आहे.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी तिला उचलून वर आलो. आमच्या महाल भागात गल्ल्या इतक्या अरुंद की सगळ्यांना सगळं ऐकू जातं.

खूप लागलं. रात्री जेवलो नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आई! आजी! भू — म्हणजे खालचा कुत्रा! पानी! शब्द येऊन राहिलेत, धडाधड! मॅडम खूश. म्हणाल्या, आता दोन शब्द जोडले की गाडी रुळावर. ‘आई ये’, ‘पानी दे’ — असं काहीतरी. दिवाळीपर्यंत बघू म्हणाल्या.

फक्त ‘बाबा’ नाही. कुत्र्याचा नंबर लागला, माझा नाही! मॅडमना विचारलंच. त्या म्हणाल्या, “हाक मारायची वेळच कुठं येते तिच्यावर? तुम्ही आधीच हजर असता.”

हसलो तिथे. पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. लेकीनं हाक मारावी म्हणून बापानं जरा लांब बसायचं? बसतो. काय वाटेल ते करतो.

११ ऑगस्ट, सोमवार

गंमत! दुकानात सावनेरच्या एक काकू आल्या. मी सवयीनं साडी उचलली आणि सवयीनंच — घरच्या सवयीनं — थांबलो. भुवयासुद्धा वर! काकू जरा वेळ बघत राहिल्या, मग सांगायलाच लागल्या. लेकीचं पहिलं बाळंतपण, तिला हलकं काहीतरी पाहिजे, आणि रंग तिच्या आवडीचा, जावयाच्या नाही. एवढं मला पायरीवर कधीच कळलं नसतं. बापूजी चष्म्यावरून बघत होते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या तान्हा पोळा, पोरांचा सण. रेवाच्या लाकडी बैलाला झूल शिवायची म्हणून दुकानातले तुकडे घरी आणले. गुलाबी जरीचा सगळ्यात वर. रेवा म्हणजे गुलाबी! जन्मल्यापासून फ्रॉक गुलाबी, छत्री गुलाबी, बाटली गुलाबी. तुकडा धरला, थांबलो.

“नको.”

स्वच्छ! ‘नको’! मी लाल धरला. “नको.” हिरवा. “नको!” आणि मग ढिगाच्या तळातून तिनं स्वतः एक साधा निळा सुती तुकडा ओढून काढला, बैलावर टाकला आणि अशी हसली!

तीन तुकडे नापसंत झाले आणि दुकानदार घरभर नाचतोय. आई म्हणाली, “पोट्टं पागल झालं!” पण झोपताना सारखं वाटत होतं — एवढे गुलाबी फ्रॉक तिनं मुकाट्यानं घातले. तिला निळा आवडतो हे मला माहीतच नव्हतं.

७ सप्टेंबर, रविवार

मॅडम म्हणतात, घरात-दुकानात रोज जे चालतं त्याचाच खेळ खेळा. रविवारी बाजार बंद असतो. शटर अर्धं वर करून तिला दुकानात नेलं. पांढऱ्या गादीवर मी, समोर ती. दिवसभर ओरडतो तेच हळू म्हणालो — “या ताई, बसा! काय दाखवू?” — आणि थांबलो. तिनं बोट केलं. “हे.” मी उलगडलं. “नको.” घडी. “हे.” उलगडलं. “नको.” असलं चिवट गिऱ्हाईक गांधीबागेनं पाहिलं नसेल!

दोन शब्द मात्र अजून जोडले नाहीत. आणि मला हाक नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

परत दुकान-दुकान. “हे.” “नको.” हाक नाही. बसलोय लांब.

२८ सप्टेंबर, रविवार

मी चप्पल काढतोय तोवर रेवा आपली आपण गादीवर चढली. माझ्या जागेवर बसली. निळं कापड मांडीवर घेतलं.

“बाबा, या. बशा.”

मी गिऱ्हाइकाच्या जागेवर बसलो.

“काय दाकू?”

आणि ती थांबली. भुवया वर करून, माझ्याकडे बघत. तिला काही घाई नव्हती.