फाक्से कॉन्डी आणि माझ्या घराचा वारस

मी, बोलेत्ते लोव्हस्ट्रोम, वय बासष्ट, राहणार साट्टुट, उम्मान्नाकची खाडी, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाचंही न ऐकता हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे असं लिहावं लागतं म्हणून लिहिलं. गेल्या रविवारपासून माझी मलाच खात्री नाही.

१. माझं घर, होडी आणि मासेमारीच्या दोऱ्या पावियाला द्याव्यात. आमच्याकडे घराखालची जमीन कुणाच्याच मालकीची नसते, तेव्हा तिच्यावरून भांडू नये. पाविया म्हणजे माझी भाची नाया हिची मुलगी, वय पाच. माझे यजमान पाविया वारले, त्यानंतर तीन महिन्यांनी ती जन्मली आणि त्यांचं नाव तिला मिळालं. आमच्यात ज्याचं नाव ठेवलं, तोच माणूस परत आला असं धरतात. म्हणून नाया पोटच्या पोरीला 'काका' म्हणते आणि मी 'अहो' म्हणते. आम्हाला मूलबाळ नाही.

२. वरचं कलम मी रविवारी खोडलं होतं. का, तेही लिहिते, म्हणजे मागून शंका नको. पावियाच्या वाढदिवसाच्या कॉफीला सगळी वस्ती आली होती. यजमानांचं आवडतं पेय फाक्से कॉन्डी, बाटलीतला गोड सोडा. बाप्तिस्मा असो की पोराची पहिली सीलची शिकार, आमच्याकडे त्याशिवाय टेबल मांडत नाहीत. मी पेला भरून म्हटलं, "अहो, घ्या." तिनं एक घोट घेतला आणि टेबलक्लॉथवर थुंकला.

"शी! मला नको हे."

नणंद रेबेक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "बघ वहिनी, नाव लागलंच नाही हिला. माझा भाऊ असता तर बाटली रिकामी केली असती. पाच वर्षं उगाच अहो-अहो करत बसलीस."

मी ज्यांना परत आले म्हणून जेवू घालत होते, ते आलेच नव्हते की काय? ते दुसऱ्यांदा वारल्यासारखं मला झालं.

३. सोमवारी मी यिरमियासकडे गेले. यजमान आणि तो बत्तीस वर्षं एकत्र बर्फावर मासेमारीला जात. त्यानं ऐकलं आणि खाली बघितलं.

"वहिनी, रागावू नका. पावियानं ते कधी राजीखुशीनं प्यायलंच नाही."

"मी रोज दोन बाटल्या बांधून देत होते!"

"त्या मी प्यायचो. तो माझी कॉफी घ्यायचा."

"आणि थडग्यावर दर रविवारी ठेवते ती?"

"तीही मीच नेतो," तो म्हणाला. "वाया जाते म्हणून."

मग मला आठवलं. यजमान पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा वसंतातलं मालाचं जहाज अजून यायचं होतं आणि वस्तीत एकच बाटली उरली होती. ती मी त्यांच्यासाठी उघडली. यिरमियास म्हणाला, "शेवटची बाटली, वहिनी. नको कसं म्हणणार?"

म्हणून कलम एक कायम समजावं.

४. बाटल्यांचे उरलेले क्रेट यिरमियासला. माझ्या थडग्यावर मात्र बाटली ठेवावी, मला ते मनापासून आवडतं, आणि तिला त्यानं हात लावू नये.

५. रेबेक्काला तो डाग पडलेला टेबलक्लॉथ. न धुता.

६. काल मी पावियाला मांडीवर घेऊन विचारलं, "अहो, बत्तीस वर्षं मला का नाही सांगितलंत?"

ती बाहुलीचे केस विंचरत होती. मान वर न करता म्हणाली, "तू विचारलंस कुठे? नुसती ओतत होतीस."

घर त्यांचंच आहे.

हे मी स्वतः वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही केली.

बोलेत्ते लोव्हस्ट्रोम

साक्षीदार:
नाथान ग्रिम, चर्चचे वाचक
डोर्थे ओत्तोसेन, दुकान

साट्टुट, १७ एप्रिल २०१९