जोडउडीच्या निकालाची दुरुस्ती व बाकीची मालमत्ता

मी, भागोजी धोंडू मयेकर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, बंदर खात्यातील निवृत्त कारकून, राहणार रत्नागिरी, मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. नशापाणी केलेले नाही. सकाळचा चहासुद्धा बिनसाखरेचा झाला. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी मुलगी समीक्षा हिला तो पुरेसा वाटत नाही, पण तिचे मत दाखल्याला लागत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कविता केल्या होत्या, त्या रद्द समजाव्यात.

कलम एक. राहते घर, पडवी, मागचे दोन माड आणि विहिरीतला अर्धा हिस्सा समीक्षाला. बँकेत असेल तेही तिलाच. अट एकच: तिच्या आईचे, म्हणजे माझी पत्नी कै. सगुणा हिचे, शिवणयंत्र भंगारात घालू नये. जागा अडते हे मला माहीत आहे. मीही पुष्कळ वर्षे जागा अडवली, मला कोणी भंगारात घातले नाही.

कलम दोन. उडवणीची हत्यारे, म्हणजे बॅटरीची पेटी, दोन लोखंडी काठ्या, उंची मोजायची ओळंब्याची फळी, दुर्बीण आणि स्टॉपवॉच, पुतण्या विनीत याला. तो लोट्याला केमिकल कंपनीत पाळीवर असतो. तिथे ही हत्यारे दाखवत फिरू नये, लोक भलते समजतील.

वाचणाऱ्याला उलगडा व्हावा म्हणून थोडे सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही काही रिकामटेकड्यांनी छंदाची रॉकेटे उडवण्याचे मंडळ काढले. भात कापून झाले की रविवारी सकाळी गावाबाहेरच्या कातळसड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, जमायचे. पुठ्ठ्याची नळी, पोटात विकतची मोटार, नाकाखाली घडी केलेली कापडी छत्री. दोन रॉकेटे शेजारी, लोखंडी काठ्यांना अडकवून उभी करून एकाच बटणाने सोडायची, याला आम्ही जोडउडी म्हणायचो. मुंबईहून येणारे ड्रॅग रेस म्हणतात. गुण तीन. आधी हलेल त्याला एक, कमी उंच जाईल त्याला एक, उशिरा जमिनीला टेकेल त्याला एक. पंच मी. सगुणा म्हणायची, "वर न जाणाऱ्याला बक्षीस देणारी माणसं तुम्ही. उगाच नाय साहेबान तुम्हाला तीस वर्षं त्याच टेबलावर ठेवलान."

कलम तीन. चौथीचे वाचनपुस्तक, पाने सुटी झालेले, हेही समीक्षाला. त्यात ढगावरची एक कविता आहे. गुरुजींनी ती संथ चालीत पाठ करून घेतली होती आणि तिची ओळ बरोबर चार सेकंदांची होती. स्टॉपवॉच येण्याआधी दोन हंगाम मी वेळ तिच्यावरच मोजला. छत्र्या उघडल्या की म्हणायला लागायचो. निकालवहीत नोंदी आहेत: "दादू, तीन कडवी व दोन ओळी." दादू शिवलकर, मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिने दुरुस्त करणारा, शाळेपासूनचा माझा मित्र. त्याची तक्रार असायची, "शेवटच्या कडव्यात तू भाव घालतोस, आवाज ओला करतोस, आणि नेमका मीच तेव्हा वर असतो. माझ्या ओळी कमी पडतात." तक्रार खरी होती. त्या कडव्याशी आलो की मला अजूनही शाळेची कौले, शाईचा वास आणि बाकावरचा दादू दिसतो. तेवढ्यात एखादा सेकंद जायचाच. स्टॉपवॉचला असले काही दिसत नाही. ते मी वापरले, पण माझे त्याच्याशी कधी जमले नाही.

कलम चार. ज्या गृहस्थाने वर्तमानपत्रात "सड्यावर म्हातारे फटाके उडवतात" असे पत्र दिले होते, त्याला मी माफ केलेले नाही. त्याला काही देणे नाही. कात्रण माझ्या पाकिटात आहे, ते मात्र माझ्याबरोबर जाळू नये; त्याच्या घरी परत द्यावे.

कलम पाच. हे लिहायलाच खरा बसलो आहे.

डिसेंबर २०१६च्या शेवटच्या जोडउडीत दादू आणि विनीत उतरले होते. फिरती ढाल पणाला होती. दोघांच्या छत्र्या सगुणाने आपल्या एकाच केशरी साडीतून कापल्या. मी म्हटले, "अगो, एकीला दुसरा रंग दे." ती म्हणाली, "दोघांना सारखं दिलं की भांडण नाय होत."

रॉकेटे सुटली. दादूचे आधी हलले, गुण दादूला. विनीतचे कमी उंच गेले, गुण विनीतला. वर दोन केशरी छत्र्या उघडल्या, वाऱ्याने एकमेकींना ओलांडून गेल्या आणि कुठली कुणाची हे माझ्या हातून सुटले. एक लवकरच आंब्याच्या बागेत पडली. दुसरी खाडीच्या अंगाला तरंगत राहिली आणि पुष्कळ वेळाने दिसेनाशी झाली. बागेला कुलूप होते. मी छातीठोकपणे सांगितले, उशिरा गेली ती विनीतची. ढाल विनीतला. दादू म्हणाला, "भाग्या, नीट बघितलंस?" मी म्हणालो, "पंचाचा निर्णय अखेरचा." हा नियम मीच लिहिला होता, भाषाही चांगली साधली होती.

चार दिवसांनी बागेचा राखणदार बाबल्या झाडावर सापडलेले रॉकेट माझ्याकडे घेऊन आला. त्यावर विनीतचे नाव. म्हणजे खाडीकडे गेले ते दादूचे, आणि दोन गुण दादूचे. मी बाबल्याला चहा दिला आणि रॉकेट माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवले. तिथेच ते आहे. विनीतलाही हे ठाऊक नाही. दादूने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे टाकले. सगुणा गेली तेव्हा आला, खांदा दिला, बोलला नाही. जोडउडी पुन्हा झाली नाही.

सबब मी, पंच या नात्याने, तो निकाल फिरवत आहे. विनीतने टीव्हीवरची ढाल उतरवून दादूला द्यावी. मी गेल्यावर हे वाचले जाईल तेव्हा दादू ऐकायला असेलच असे नाही, म्हणून या कलमाची नक्कल शेजारच्या संदेशबरोबर आजच त्याच्याकडे पाठवत आहे.

कलम सहा. हे दुसऱ्या दिवशी लिहीत आहे. वकील हर्षद समोर बसला आहे आणि कागद नव्याने लिहा म्हणतो. मी लिहिणार नाही. झाले तसे लिहितो.

सकाळी हर्षद बसलेला असतानाच दादू आला. पडवीत बसला, नक्कल काढली, चष्मा लावून परत वाचली.

"लिवलंयस बरा," म्हणाला. "पण पहिला गुण मला कसा काय धरलास?"

"तुझं आधी हललं."

"हललं कुठं मेल्या? माझा धूर आधी आला. काठीला गंज, रॉकेट बसलं चिकटून. ती पुसायची माझीच राहून गेली. विनीतचं वर गेलं तेव्हा माझं जाग्यावर होतं. तू धुराकडं बघून गुण दिलास."

मी हिशेब केला. आधी हलले विनीतचे, कमी उंच विनीतचे, उशिरा टेकले दादूचे. दोन गुण विनीतला. म्हणजे ढाल नऊ वर्षे योग्य टीव्हीवर आहे.

"तेव्हाच का बोलला नाहीस?"

"गुण मला मिळालेला. मी कशाला बोलू?"

"मग नऊ वर्षं राग कसला धरलास?"

दादूने चष्मा काढला. "बाबल्यान त्याच दिवशी मला सांगितलान, रॉकेट तुझ्याकडं दिलंय म्हणून. ढाल गेली खड्ड्यात. तू येऊन सांगशील म्हणून मी दाराशी बसून होतो. पहिला आठवडाभर तर इंजिनाचं कामसुद्धा नाय घेतलं."

हर्षदने घड्याळात पाहिले.

सबब कलम पाचमधील ढालीची व्यवस्था रद्द. डिसेंबर २०१६चा निकाल होता तसाच कायम. पंचाच्या दोन चुका एकमेकींत वजा झाल्या. ट्रंकेतले रॉकेट विनीतचे विनीतला द्यावे, आणि काका असे का वागले हे त्याला समीक्षाने नव्हे, दादूने सांगावे. दादूला या पत्रान्वये काहीही मिळत नाही, तेव्हा तो साक्षीदार चालतो, असे हर्षदचे मत पडले. ऐकून दादू म्हणाला, "आण पेन."

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: २८ नोव्हेंबर २०२५

(सही) भागोजी धोंडू मयेकर

साक्षीदार:

१. (सही) संदेश बाबू भाटकर, शेजारी

२. (सही) दादू पांडुरंग शिवलकर, मिरकरवाडा
मजकूर खरा. अंमल करायची घाई नको. रविवारी आम्हा दोघांना सड्यावर जायचे आहे.