एक जूनची पोर

तिसगाव,
१४ मार्च १९७३

प्रिय कारभारी,

सप्रेम रामराम. इकडे आम्ही बरे आहोत, विहिरींचं सांगत नाही. तुझी आणि लंकाबाईची ऊसतोड नीट चालली असेल. पत्र छगन वाचून दाखवील. अडखळला तर त्याला बोलू नकोस, चौथीपर्यंत मीच शिकवलाय.

तुझी पोर पुष्पा सापडली. जिवंत आहे. ज्यानं लग्न लावून नेली, त्या जावयानंच तिला नगरात विकली. पोलिसांची धाड पडली तेव्हा जावई मागच्या दारानं पळाला. हाती लागली पुष्पा, म्हणून खटला पुष्पावर! गुन्हा काय, तर म्हणे गिऱ्हाईक बोलावलं.

मी भेटून आलो. म्हणाली, "गुरुजी, दादा न्हाई आलं?" मी म्हणालो, तुझ्या बापाची तोड चालू आहे. खोटं मला सफाईनं येतं. त्याचं पुढे सांगतो.

धाडीची बातमी कानावर येताच तू निरोप धाडलास, 'ती आमाला मेली.' असं का? मग सुतक कधी पाळलंस?

रंगनाथ वकील म्हणतात, कायदा वाटतो तेवढा आंधळा नाही. एकवीसच्या आतली, फसवून आणलेली पोर असं कोर्टाला पटलं, तर तुरुंग टळतो आणि आईबाप न्यायला आले तर घरीही येते. फक्त वय सिद्ध झालं पाहिजे.

शाळेच्या रजिस्टरात तिचा जन्म एक जूनचा. पण त्या वर्गातली अडतीसच्या अडतीस पोरं एक जूनलाच जन्मली आहेत! आईबापाला तारीख ठाऊक नसली की आम्ही मास्तर एक जून ठोकतो. सरकारी वकील हसणारच. शिवाय त्याच्याकडे दुसरा कागद आहे: पुष्पाचं वय बावीस, खाली शाळेचा शिक्का आणि सही.

सही माझी आहे, कारभारी.

लग्नाच्या वेळी जावयाच्या माणसानं दाखला मागितला, "तिकडं नोंदीला लागतो" म्हणाला. लग्नाला पंधरा पुरतात, मग बावीस कशाला? सगळ्या गावाला टोमणे मारणाऱ्या मला एवढं विचारणं सुचलं नाही. फेटा बांधून मांडवात मिरवत होतो. तू अंगठेबहाद्दर म्हणून फसलास. मी शिकलेला, म्हणून मला शिक्का मारता आला.

सव्वीसला तारीख आहे. दाखला खोटा, असं मी कोर्टात सांगणार. नोकरी जाईल. शाळेचं फार नुकसान नाही, छगनला विचार. पण खरं वय लंकाबाईनंच सांगायला हवं. वीज पडून तुझा बैल ऐन पोळ्याला गेला, त्याच दिवशी पुष्पा झाली ना? बैलाचा पंचनामा मी कचेरीतून शोधून काढलाय: साल पंचावन्न, म्हणजे पोरीला आता कुठं अठरावं चालू आहे. सरकारनं तुझ्या पोरीची नाही, पण बैलाची तारीख नीट लिहून ठेवली आहे.

मुकादम सोडत नसेल, तर हे पत्र छगनला त्याच्यासमोर पुन्हा वाचायला लाव. मोठ्यानं. तोडकऱ्यांच्या सगळ्या झोपड्यांना, कोप्यांना ऐकू जाऊ दे, माझ्या सहीसकट.

पंचवीसला दुपारपासून मी नगरच्या स्टँडवर उभा आहे. तुम्ही दोघं उतरेपर्यंत हलणार नाही.

दाखल्यावर केली तीच सही, या खेपेला खऱ्याखाली,
सूर्यभान मास्तर