शेडमध्ये हरवलेल्या वस्तूंबाबत

मी, मनकर्णा कल्याण झावरे, वय वर्षे सदुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र माझ्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना तो पुरेसा वाटणार नाही त्यांनी माझ्या हयातीतच येऊन मला सतराचा पाढा विचारावा. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. मला फूस लावू शकेल एवढा हुशार माणूस आमच्या भावकीत नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्यातून उठले तर हा कागद कपाटात राहील, नाही उठले तर उपयोगी पडेल.

मालमत्ता थोडी आहे, एका पानात वाटून झाली असती. बाकीची पाने एकाच कारणासाठी लिहिली आहेत. माझे पती कैलासवासी कल्याण यांनी हलगर्जीपणाने बायकोचा पाय मोडला, असे आमच्या घरात, भावकीत आणि गल्लीत धरून चालतात. ते खोटे आहे. हा आळ त्यांच्या नावावरून उतरावा ही माझी पहिली इच्छा. घर आणि ठेवी त्यानंतर.

१) सावेडीचे राहते घर माझ्या पगारातून बांधलेले आहे आणि माझ्या नावावर आहे. ते माझी एकुलती मुलगी दिपाली, राहणार कोपरगाव, हिला द्यावे. माझे दीर आबासाहेब, राहणार तालुका पारनेर, हे घर दोघा भावांच्या कष्टाचे असल्याचे लग्नकार्यात सांगत असतात. वास्तुशांतीला ते जेवायला आले होते. तेवढे कष्ट मला आठवतात.

२) बँकेतील ठेवी, दोन पाटल्या व मोहनमाळ दिपालीला. जाऊबाईंनी मोहनमाळेची चौकशी आता थांबवावी.

३) घरामागची पत्र्याची शेड व तीतील वाहने: तीन स्कूटर, एक लूना, एक फटफटी आणि एका जीपचा बराचसा भाग. यांपैकी एकही चालत नाही. का चालत नाही, ते सांगणे भाग आहे.

कल्याणराव साखर कारखान्यात फिटर होते. (हयातीत मी त्यांचे नाव फक्त उखाण्यात घेतले, कागदावर घ्यावेच लागते.) कारखान्यात त्यांच्या हातून एक वॉशर कधी हरवला नाही, कारण तिथे साहेब होता. घरी मी होते. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या गाड्या गोळा करून मागे दुरुस्ती सुरू केली आणि दर रविवारी त्यांचे मित्र जमू लागले. या मंडळींचे काम म्हणजे एकाने स्क्रू काढायचा, दुसऱ्याने तो खिशात ठेवायचा आणि तिसऱ्याने चहा मागायचा. मी त्यांना पितळी परात आणून दिली. म्हटले, "जे काय खोलायचे ते हिच्यावर खोला, म्हणजे पडलेले जागेवर सापडेल." त्यावर एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, आम्ही काय कणीक मळायला बसलोय का?" सगळे हसले, आणि त्याच हसण्यात कार्ब्युरेटरची स्प्रिंग उडून तुळशीपलीकडे गेली. ती अजून तिकडेच आहे.

पुढे गव्हाच्या कोठीत नट सापडला, चपलेच्या तळव्यात क्लिप रुतलेली सापडली. एकदा पोह्यांत बेअरिंगचा छर्रा निघाला. ज्यांच्या दाताखाली आला त्यांनी मोठी तक्रार केली. हरवला होता तोही त्यांनीच. परात शेवटपर्यंत खिळ्याला टांगलेली राहिली, कारण ती स्वयंपाकघरातून आली होती. या मित्रांपैकी कोणालाही काहीही देऊ नये. चहा खूप झाला.

शेड व वाहने दिपालीची. भंगारवाल्याला द्यायची तर द्यावीत, पण वजन करताना समोर उभे राहावे.

४) जीप मात्र आबासाहेबांना द्यावी. ती त्यांनी तीनदा मागितली आहे. अट एकच: दिपालीसमोर व भावकीसमोर त्यांनी पुढील हकिकत खरी असल्याचे आपल्या तोंडाने सांगावे.

सन २०१६च्या दिवाळीनंतरचा रविवार. आबासाहेब भावाच्या मदतीला आले होते. मदत म्हणजे भाऊ खाली बसणार, हे वरून सांगणार. हिरव्या स्कूटरचे काम चालू होते. मागच्या ब्रेकची केबल पायाच्या ब्रेकला जोडतात, तिथे वाकवून बसवायची एक छोटी पिन असते. ती कल्याणरावांच्या हातून निसटली. बरीच शोधली, मिळाली नाही. त्यांना फोन आला म्हणून ते पुढच्या दारी गेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा आबासाहेब जळक्या पंख्याची तांब्याची तार सोलत होते.

मी विचारले, "भावजी, तार कशाला?"

"काय न्हाई वैनी. जरा बांधाया लागती."

कल्याणराव परत आले तेव्हा ब्रेक बसलेला होता. आबासाहेब म्हणाले, "झालं दादा, मार किक." ब्रेक बसलेला पाहून कल्याणरावांनी पिनेचा विचारच केला नाही. धाकटा भाऊ खोटे बोलला नाही. तो फक्त बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या स्कूटरवरून घाट चढून डोंगरावरच्या चांदबिबी महालावर गेलो. उतरताना तार तुटून वाटेत पडली आणि ब्रेक लागेना. एका बाजूला दरी होती. कल्याणरावांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली आणि माझा डावा गुडघा दगडावर गेला. आम्ही दोघे जिवंत राहिलो ते त्यांच्या त्या एका निर्णयामुळे, हे आजवर कोणी बोललेले नाही.

महिन्याने ती पिन शेडमधल्या जात्याखाली सापडली. ती तळहातावर घेऊन ते माझ्या खाटेजवळ आले आणि म्हणाले, "मीच बसवायला विसरलो गं." आबासाहेब त्या वेळी खोलीत होते. त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दी दादा, मानूस हाय, चुकायचंच." असे सांत्वन मी आयुष्यात दुसरे ऐकले नाही.

त्यानंतर सात वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, कल्याणरावांनी गाड्या खोलल्या, भाग रॉकेलने धुतले, पुसले, पण एकही गाडी परत जोडली नाही. म्हणून शेडमध्ये एकही वाहन चालत नाही. दिपाली त्यांना म्हणाली होती, "पप्पा, आईचा पाय तुमच्या छंदाने घेतला." पुढे ती माहेरी आली की त्यांच्याशी कामापुरते बोले. ते गेले तेव्हाही तेवढेच बोलणे होते.

पिन हरवणे हा गुन्हा नाही. माझ्या वर्गात मुले रोज पेन्सिली हरवत आणि रडत येऊन सांगत. पहिलीतल्या लेकराला जे जमते ते एका मिशीवाल्या माणसाला जमले नाही.

५) इथवर कच्चा खर्डा झाल्यावर मी तो वकिलांना दाखवला. ते म्हणाले, "बाई, हे तुमच्यामागे उघडणार. तुमच्या दिरांनी नाकारलं तर त्यांना उत्तर द्यायला तुम्ही नसाल." मला राग आला. घरी आल्यावर लाज वाटली. आबासाहेबांनी तार बांधली आणि पारनेरची गाडी धरली. मीही कागद बांधून निघण्याच्याच बेतात होते.

म्हणून दिनांक ९ नोव्हेंबर रोजी, रविवारी सकाळी, मी आबासाहेबांना व दिपालीला बोलावले. भावकीतले चौघे बोलावले होते, जेवण आहे असे सांगितल्यामुळे सातजण आले. सर्वांसमोर कलम ४ मी मोठ्याने वाचले. तेव्हा जे झाले ते नोंदवते.

आबासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "व्हय. म्याच बांधली तार. वाटलं, येत्या ऐतवारी नवी पिन आनून टाकू."

"आणि सोमवारी आम्ही घाटात जाणार हे माहीत नव्हते?"

"न्हवतं वैनी. देवाशपथ."

"नंतर तर माहीत झाले."

"झालं. दादा रडत हुता तवा तोंडाशी आल्तं. पर तुमी गप बसलेल्या. म्हनलं, वैनीनं चहाच्या टायमाला तार बगितली हाय, ती बोलंल. तुमी बोलला न्हाईत. मग मी कशाला?"



दिपालीने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती मला म्हणाली, "आई, तुला माहीत होतं? मी पप्पांना तोडून बोलायचे, तेव्हा तू शेजारी बसून ऐकत होतीस?"

मी हो म्हटले. भावाभावांत फूट पडू नये म्हणून गप्प राहिले, असे सांगणार होते. ते वाक्य नऊ वर्षे तयार होते. पण सगळे ऐकत असताना ते माझ्याच्याने म्हणवेना. खरे ते सांगितले. कल्याणराव रोज माझ्या गुडघ्याला तेल लावत. चहा करून खाटेपाशी आणत. बत्तीस वर्षे शाळा आणि घर ओढल्यावर एक माणूस माझ्यासमोर ओशाळून उभा राहत होता, आणि ते मला बरे वाटत होते. तार कोणाची हे सांगितले असते तर तो ओशाळेपणा गेला असता, आणि त्याच्याबरोबर तेलही जाईल अशी मला भीती होती. मी आबासाहेबांना नावे ठेवते. त्यांनी एका दुपारचा आळस लपवला. मी रोज सकाळी पाय पुढे केला.

दिपाली न जेवता दुपारच्या एस.टी.ने कोपरगावला गेली. आठवडा झाला, तिचा फोन नाही.

६) आबासाहेब आता जीप नको म्हणतात. त्यांनी ती न्यावी. अट पुरी केली आहे, आणि शेडमधली तेवढी जागा तरी मोकळी होईल.

७) वरील हकिकतीमुळे कल्याण झावरे यांच्यावर कसलाही दोष राहिलेला नाही. त्यांच्या वर्षश्राद्धाला जमणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून मगच पानावर बसावे.

८) घर, ठेवी, दागिने व शेड दिपालीचीच राहतील, ती माझ्याशी बोलो अथवा न बोलो. तिने बोलावे अशी अट मला घालता आली असती. घातलेली नाही. अटीपायी बोललेले मी गेल्या रविवारी ऐकले आहे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे सर्व वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांच्या देखत सही करत आहे. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना आधी सांगितले आहे. तरी ते आले.

मनकर्णा कल्याण झावरे (सही)

साक्षीदार:
१. सहादेव बन्सी लगड, शेजारी (सही)
२. रंगुबाई बिभीषण कोतकर, शेजारी (सही)

स्थळ: सावेडी, अहिल्यानगर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५