खुर्चीतून उठण्याचा व्यायाम

बाई,

आज दुपारी परळच्या आमच्या फिजिओथेरपी विभागात बराच वेळ कुणी पेशंट आला नाही. पंखा सावकाश फिरत होता, खिडकीतलं ऊन सरकत सरकत गादीवर येऊन पडलं होतं. अशा वेळी तुम्ही येता. दिसत काही नाही, पण भिंतीच्या आरशाजवळ पांढरा एप्रन घालून कुणीतरी उभं आहे असं वाटतं आणि माझी पाठ आपोआप ताठ होते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी तुमची विद्यार्थिनी होते तेव्हा तुमचं जे वय होतं, ते आता माझं आहे.

मला नेहमी तोच दिवस आठवतो. गिरगावातले ते ख्रिश्चन काका, गोदीच्या ऑफिसातून रिटायर झालेले, मधुमेह आणि वर लिव्हर खराब. हातापायांच्या काड्या झालेल्या, पण शर्टाला कडक इस्त्री. मी त्यांना व्यायामाच्या सायकलवर बसवलंय, मोठ्या उत्साहाने, "अजून थोडं, काका, अजून थोडं" म्हणतेय. आणि ते एकदम थांबतात. कपाळावर घाम, ओठ पांढरे. "पोरी, डोळ्यांसमोर अंधार येतोय गो." तुम्ही कुठून आलात कळलंच नाही. साखरेचं पाणी, खांद्याला आधार, सगळं तुम्ही केलंत, आणि ते सावरून बसेपर्यंत माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. मग विचारलंत, "हे सकाळपासून काय जेवलेत?" मी म्हटलं, विचारलं नाही. "साखर तपासली?" नाही. "मग तपासलंस काय?" मी पुटपुटले, गुडघा किती वाकतो ते. "गुडघा एकटाच चालत आलाय का गिरगावातून?" तुमचा आवाज चढला नव्हता. लिव्हर दुखावलेल्या माणसाच्या अंगात साठवण फार नसते, उपाशीपोटी त्याला पळवलंस तर त्याचं शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं, हे तुम्ही मला नंतर, जिन्यात उभ्या राहून, शांतपणे समजावलंत. मी रडत होते. तुम्ही रुमाल दिला नाहीत, पण मी थांबेपर्यंत तिथून हललाही नाहीत.

आणि सात वर्षांनी तुमचा फोन. आजारपणामुळे तुम्ही नोकरी लवकर सोडल्याचं कानावर होतं, पण दादरच्या घरी आले तेव्हा दार उघडणाऱ्या तुमच्या ताईंच्या मागे, स्वयंपाकघरात, लाकडी खुर्चीवर कोण बसलंय हे मला क्षणभर ओळखू आलं नाही. "ये. शेजारणीला वाटतं मी चोरून पिते," तुम्ही हसून म्हणालात. "लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. साखरेनंही असं होतं, हे किती जणांना सांगत बसू?" मी पायांशी बसले तशी म्हणालात, "नमस्कार नकोय. तळवे बघ." मी पाहिले. टाचेला भेग पडून रक्त सुकलं होतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. कित्येक पेशंटांचे पाय आपण दोघींनी पाहिले होते, पण तुमचं पाऊल मांडीवर घ्यायच्या आधी मी उठून हात दोनदा धुऊन आले.

तुम्हाला एकच गोष्ट हवी होती. ताईंचा हात न धरता मोरीपर्यंत जायचं. त्यासाठी रोज खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं, पुन्हा उठायचं, आणि किती वेळा ते मी मोजायचं. ओट्यावर ताई बिनमिठाची खिचडी ढवळतायत, कुकरची वाफ उन्हात तरंगतेय, आणि तुम्ही मला सांगताय, "मला ओरड की. श्वास कोंडतेय मी. इथे तू बाई आहेस." मग मी ओरडायचे आणि तुम्ही खूश व्हायचात. दोन महिन्यांनी एका सकाळी तुम्ही उठलात, आमच्या दोघींकडे न बघता भिंतीला बोटं टेकवत मोरीपर्यंत गेलात, आतून कडी लावलीत. ताईंनी पदर तोंडाला लावला. आतून आवाज आला, "रडायला काय झालंय? पाणी तापलंय का बघा."

ते दिवस मला अजून स्वप्नासारखे वाटतात, कारण पुढे ते फार टिकले नाहीत. पोटात पाणी भरू लागलं, काढलं की पुन्हा भरायचं. शेवटच्या खेपेला मी तुमचा दंड धरला तर माझा अंगठा आणि बोट एकमेकांना टेकले. तुम्ही ते पाहिलंत.

त्यानंतरच्या गुरुवारी मी फोन केला, वॉर्डात अडकलेय, आज येत नाही म्हणून. "बरं, माझं मी करते," तुम्ही म्हणालात. शनिवारी तुम्हाला गुंगी यायला लागली, हॉस्पिटलात नेलं, आणि मंगळवारी सगळं संपलं. तेराव्याला ताईंनी सांगितलं की त्या गुरुवारी फोनआधीच तुम्ही वेणी घालून घेतली होती, साडी बदलून खुर्चीत बसला होतात. फोन ठेवलात आणि त्यांना म्हणालात, "तू मोज." सातापर्यंत मोजलं, त्या म्हणाल्या.

बाई, मी वॉर्डात नव्हते. दादरपर्यंत आले होते. हिंदमाताला एका दुकानात शिरले आणि तासभर साड्या उलगडायला लावल्या, हा रंग नको, तो काठ नको. एकही घेतली नाही. तुमच्या दंडाला पुन्हा हात लावायचा धीर होत नव्हता, एवढंच. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवेन. ताई आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांचे गुडघे मीच बघते. मी गेले की दर वेळी माझा हात हातात घेऊन म्हणतात, "तू तिच्यासाठी किती केलंस गं." आणि मी मान हलवते.