मुंगळ्यांचा बंदोबस्त

३ मार्च, सोमवार
सकाळी दात घासताना तोंडात काहीतरी कुरकुरलं. पेस्टमध्ये कुरकुरण्यासारखं काही नसतं. थुंकलो. अर्धा मुंगळा. काळा, ठसठशीत, पाय हलवणारा. उरलेला अर्धा कुठे गेला याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. दिवसभर जिभेवर आंबट चव. शी.
सोळा तारखेला सासरे येणार. खुब्याचं ऑपरेशन झालंय, आपल्याकडेच राहतील. हिचं म्हणणं, तोवर बाथरूम नीट हवं, त्यांना धरायला दांडा हवा आणि मुंगळ्यांसाठी कुणीतरी माणूस बोलवायला हवा. म्हणालो, घरात माणूस आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. बहुधा अभिमानाने.

४ मार्च
बाथरूमच्या चौकटीखाली भुशाचा ढीग. चिमटीत घेऊन पाहिला. भुशात मुंगळ्यांचे पाय, सुटी डोकी, झुरळाचा पंख. हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. घरात वाळवी झाल्याचं जाहीर केलं. कन्येने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, बाबा, वाळवी पांढुरकी असते आणि तिला कंबर नसते. हे सुतार मुंगळे. लाकूड खात नाहीत, ओलं लाकूड पोखरून आत घर करतात आणि भुसा बाहेर फेकतात.
खात नाहीत ना? मग प्रश्नच मिटला.
ओलीचा मुद्दा साफ चूक. चौकटीमागचा पाइप मी स्वतः टेप गुंडाळून जोडलाय. तो गळत नाही. त्याला घाम येतो.

६ मार्च
मेव्हण्याचा फोन. (हिनेच कळवलं असणार. घरातलं काही घरात राहील तर शपथ.) म्हणाला, भाऊजी, स्प्रे मारू नका, पांगतील. आधी ओल शोधा, मग आमिष ठेवा, ते विष घरट्यापर्यंत नेतील. या माणसाला प्रत्येक विषयातलं कळतं.
ऑफिसातून येताना स्प्रेचा मोठा डबा आणला.
संध्याकाळी ७. डबा संपवला. फरशी काळी. काही उताणे पडून पाय झाडतायत. लोटताना चपलेखाली करकर, करकर. जेवण गेलं नाही. पण विजय तो विजय.

१० मार्च, सोमवार
ऑफिसात डबा उघडला. कडेवरून एक बाहेर आला, मिशा हलवल्या आणि थेट साहेबांच्या फाइलीवर चढला. मागोमाग त्याचं खटलं. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. मुंगळ्यांपासून नव्हे, माझ्यापासून.
घरी आता उशीत, साखरेत, हिच्या कंगव्यात. हिचं म्हणणं, पांगले. माझं म्हणणं, घाबरलेत.

१२ मार्च
आमिष. (कल्पना माझीच म्हणायची, मेव्हणा फक्त आधी बोलला.) कन्येने साखरेच्या पाकात चिमूटभर बोरिक पावडर कालवली. बजावलं की जास्त घालू नका, जागच्या जागी मरतील, घरट्यात काही पोचणारच नाही. ती कॉलेजला गेल्यावर उरलेली डबी ओतली. कामात कंजुषी मला जमत नाही.
मुंगळे आले, हुंगलं, वळसा घालून गेले. माझ्या हातचं इतक्या उघडपणे कुणी नाकारलेलं नाही. हिचा अपवाद.

१४ मार्च, शुक्रवार
रजा. आज निकाल लावायचाच.
चौकटीवर टकटक केलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज. हलकं लाकूड, म्हणजे भारीतलं असणार. कान लावला तर आतून चुरचुर, कागद चुरगळावा तशी. मग एक कानात शिरला. मी ओरडलो नाही. (शेजारचे विचारायला आले ते दुसऱ्या कशासाठी तरी असेल.)
भोकं लांबी भरून बुजवली, वर रंगाचा हात दिला. चौकट नवी कोरी. मग तिच्यावरच दांडा बसवला. स्क्रू नुसत्या अंगठ्याने आत गेले, ड्रिलची गरजच पडली नाही. हाताला अजून जोर आहे.
ही म्हणाली, एकदा कुणाला तरी दाखवून घे ना, बाबा त्यावर भार टाकणार आहेत. म्हणालो, विश्वास नाही का? तिने टॉवेल उचलला आणि गेली. 'आहे' म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

१५ मार्च
बाथरूममध्ये पंखवाले मुंगळे. दिव्याभोवती, आरशावर, हिच्या टॉवेलात. हिने तोंड पुसलं आणि किंचाळली. फरशीवर नुसते गळलेले पंख, ओल्या पायाला चिकटणारे.
मुंगीला पंख फुटले की तिचा काळ जवळ आला म्हणतात. शुभ लक्षण.

१६ मार्च, रविवार
सासरे आले. वॉकर टेकत बाथरूमच्या दाराशी थांबले. ही म्हणाली, बाबा, थांबा, आधी मी धरून बघते. म्हटलं, बाजूला हो. हा दांडा हत्तीला पेलेल. आणि लटकलो.
हात दाखवून अवलक्षण.
दांडा आला, चौकटीची फळी आली, मी खाली. फळीच्या आत बोगदेच बोगदे. त्यातून तांदळासारख्या पांढऱ्या अळ्या माझ्या मांडीवर, आणि काळा लोंढा मनगटावरून बाहीत, बाहीतून काखेत. कन्येने माझ्यावर बादली ओतली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
ही रडत होती. मला वाटलं मला लागलं म्हणून. ती म्हणाली, बाबा धरणार होते रे हा.


१७ मार्च
सासरे मेव्हण्याकडे. त्यांच्यासोबत या दोघीही. हिने ठरवलेला कीटकनाशकवाला आला, सुतार आला, प्लंबर आला. प्लंबरने पाइपाच्या टेपला बोट लावलं, टेप त्याच्या हातात आली आणि भिंत भिजली. घाम बराच साठला होता.

२२ मार्च, शनिवार
नवी चौकट. मुंगळे नाहीत. मेव्हणा पाहायला आला. 'मी सांगितलं होतं' म्हणेल म्हणून चांगली खमंग उत्तरं तयार ठेवली होती. म्हणालाच नाही. सगळी वाया. म्हणाला, भाऊजी, चला जेवायला, बाबा विचारतायत.
गेलो. ही फार बोलली नाही, पण माझं ताट तिनेच वाढलं. जेवणं झाल्यावर सासऱ्यांना उठायचं होतं, वॉकर लांब होता. मी पुढे होऊन हात दिला.
त्यांनी मनगट धरलं. दोनदा हलवून बघितलं. मग भार टाकला.