लोणच्याच्या बरणीचा पट्टा

वेस्ट मांबलम, चेन्नई
दसऱ्यानंतरचा रविवार

सौ. विद्युलतावहिनींना,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द हाताच्या सवयीने लिहिला जातो. आज खरोखर आडवं पडून लिहायला हवा होता, पण गुडघे ऐकत नाहीत.) तुमच्या बोटांचा संधिवात कसा आहे? दादा मिरजेच्या नव्या डॉक्टरांचं औषध नेमाने घेतात, की दोन दिवसांत गुण आला म्हणून बाटली फडताळात गेली? आम्ही इथे बरे आहोत. तुमची जाऊबाई क्षमा माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र लिहितोय, आणि चार दिवस झाले, दर वेळी हवापाण्यापाशी येऊन थांबतोय.

तर एकदाचं सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी तुमच्या स्वयंपाकघरातून मी एक पट्टा आणला होता. बोटं वळत नाहीत म्हणून लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला तुम्हीच केलेला. जुन्या दप्तराचा बंद, लाटण्याचा तुकडा आणि तुमची ती गाठ. "वहिनी, हे खेळणं नेतो हं," असं मी म्हणालो, आणि तुम्ही हसून वर लोणचंही बांधून दिलंत. त्या खेळण्याच्या पेटंटसाठी मी अर्ज केला आहे, आणि शोधक म्हणून त्यात माझ्या एकट्याचं नाव घातलं आहे.

तुम्ही म्हणाल, याला स्वतःचे शोध कमी पडले का? कमी नव्हते, हीच तर रड आहे. तीन पेटंटं पदरी आहेत आणि तीन निरनिराळ्या विषयांतली आहेत (एक ना धड भाराभर चिंध्या, असं दादा म्हणतात ते उगीच नाही). पहिलं नारळ खोवण्याचं यंत्र, त्याने पहिल्याच दिवशी सगळं खोबरं छताच्या पंख्याला नेऊन चिकटवलं. दुसरी घोरणं ऐकून हलणारी उशी. ती घोरण्याला दाद देत नाही, गल्लीतून रिक्षा गेली की मात्र हलते. तिसरा इडलीच्या पिठाचा राखणदार डबा. पीठ फुगून वर आलं की तो आपोआप ढवळतो आणि घंटा वाजवतो. बॅटरी झाकणाच्या आत, स्क्रूने बंद, आणि बटण मुळीच नाही. ("वापरणाऱ्याच्या विसरभोळेपणापासून संरक्षण," असं पेटंटात लिहिलंय. हे वाक्य मात्र माझं स्वतःचं आहे.)

इकडे नवमीला आयुधपूजा असते. घरातली हत्यारं आणि पुस्तकं देवापुढे मांडून त्यांना गंध-कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आमच्या घरमालकीण त्रिपुरसुंदरीबाई या बाबतीत फार कडक. (त्या तंजावरकडच्या मराठी. आपल्या आजोबांच्याही आजोबांची मराठी बोलतात आणि चिडल्या की तमिळ.) यंदा सगळ्या बिल्डिंगची पूजा आमच्याच हॉलमध्ये होती. माझे पाने-पकडी, वरच्या मजल्यावरच्या व्यंकट इलेक्ट्रिशियनची अख्खी पिशवी, क्षमाची विळीसुद्धा, आणि मधोमध माझी तीन प्रमाणपत्रं फ्रेम करून. पट्टाही मांडायचा म्हणून उचलला होता. गंधाचं बोट पुढे केलं आणि ते पुढे जाईना. मग तो मी हळूच कणकेच्या डब्यामागे सारला.

हॉलमध्ये वीसेक माणसं सुंडलचे (म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचे) द्रोण घेऊन बसली होती आणि माझा डबा वाजायला लागला. आरती सुरू झाली असं समजून लोकांनी आधी हात जोडले. घंटा काही थांबेना आणि झाकणाच्या कडेने पीठ गळायला लागलं, तेव्हा एकेकाचे हात सुटले. व्यंकटने झाकण पिळून पाहिलं, पण पिठाने ते इतकं निसरडं झालं होतं की त्याचा हातच फिरत राहिला. मी स्क्रूड्रायव्हरकडे झेपावलो, तर बाईंनी माझं मनगट धरलं. मग डब्यावर गोधडी घातली. गोधडी वाजायला लागली. शेवटी क्षमा आत गेली, कणकेच्या डब्यामागून पट्टा घेऊन आली, झाकणाला गुंडाळून एक हिसका दिला, आणि झाकण सुटलं. आतली बॅटरीची तार उपटली तशी घंटा थांबली. उरलेलं पीठ व्यंकटच्या नव्या शर्टावर गेलं.

बाईंनी पट्टा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "हें पूजेंत कां ठेवलें नाहीं? कामास आलें तें हें एकच." मी सांगितलं, हे माझं नाही, माझ्या वहिनींचं आहे, आणि कागदावर नाव मी माझं घातलंय. बाईंनी पट्टा पुसला, त्याला कुंकू लावलं, माझ्या प्रमाणपत्रांच्या पुढे ठेवला आणि तुमचं नाव विचारून ते देवापुढे मोठ्याने घेतलं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. लोकांची लाज दोन दिवसांत जाते, वहिनी. पण तीन वर्षं तुम्ही फोनवर विचारत होतात, "काय म्हणतोय नवा शोध?" आणि मी म्हणत होतो, "चाललंय, चाललंय." त्याची लाज जात नाही.

दादांना हे वाचून दाखवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. त्यावर बोलायचा हक्क मला उरलेला नाही.

तुमचा अपराधी,
रविकांत

ता. क. वर "मी सांगितलं" असं लिहिलंय, ते वाचून क्षमाने पत्र परत माझ्यापुढे ठेवलं. झालं असं, की बाईंनी विचारल्यावर मी आधी म्हणालो, "माझंच आहे, पण अजून मंजुरी यायची आहे." क्षमाने हातातला द्रोण खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग सांगितलं.

आणखी ता. क. सोबत एक फॉर्म आहे. पेटंट अजून मिळालेलं नाही, म्हणून शोधकाच्या जागी तुमचं नाव घालता येतं. पेन्सिलने खूण केली आहे तिथे सही करा. आणखी एक. येत्या वीस तारखेला या अर्जाची सुनावणी आहे. पेटंट कचेरीतल्या साहेबांचा प्रश्न असा, की तेलकट झाकणावरूनही हा पट्टा सरकत कसा नाही? मला माहीत नाही. तीन वर्षं ती गाठ सोडतोय आणि बांधतोय, अजून कळलेली नाही. (सुनावणीची नोटीस दसऱ्याच्या आधीच आली होती, हेही क्षमाने लिहायला लावलं आहे.)

शेवटचं ता. क. गाठीचं उत्तर पत्राने कळवू नका, फोनवरही सांगू नका. सांगितलंत, तर साहेबांपुढे उभा राहून तेही मी माझंच म्हणून सांगेन. मी मला ओळखतो. वीस तारखेला तुम्ही स्वतःच या.